मॅडमनी न मागितलेला कौल

डॉ. अलका सरनोबत यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्या हातकणंगले तालुक्यातल्या एका पोल्ट्रीच्या फाटकाबाहेर बांधावर बसून थर्मासमधला चहा कपात ओतत होत्या. पोल्ट्रीचा मालक शेजारी अवघडून उभा होता. आपल्या दारात आपणच पाहुणे झाल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. तो हिवाळा होता आणि दूरच्या जिल्ह्यांतून बर्ड फ्लूच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. मी आमच्या दैनिकाच्या जिल्हा पानासाठी माहिती गोळा करीत सकाळपासून हिंडत होतो. मोटारसायकल लावून पुढे निघालो, तोच मॅडमनी हात वर करून मला रस्त्यावरच थांबवले.

"पावणं, सकाळपासनं कुठं कुठं जाऊन आलाय?"

मी दोन पोल्ट्र्यांची नावे सांगितली.

"आत गेलता?"

"गेलतो की."

"मग आज हितं न्हाई. घरी जावा, अंघोळ करा, कापडं गरम पाण्यात टाका, बूट उन्हात ठेवा. उद्या या, सगळं सांगते."

अवघडलेल्या मालकाला तेवढ्यात हसू आले. दुसऱ्या दिवशी मी धुतलेल्या बुटांनी गेलो आणि मॅडमनी खरोखरच सगळे सांगितले. आमच्या ओळखीची सुरुवात अशी रस्त्यावरून परत पाठवले जाण्याने झाली. त्यांच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिणाऱ्यांपैकी अनेकांची ओळखही अशीच झाली असावी, असा माझा अंदाज आहे.

कोल्हापूरकडे दारी आलेल्या माणसाने चहाला नाही म्हणणे हा अपमान समजतात. पशुसंवर्धन खात्यात रोग अन्वेषणाचे काम करताना मॅडमनी तो अपमान अक्षरशः गावोगाव केला. एका पोल्ट्रीत गेल्या की त्या दिवशी दुसऱ्या पोल्ट्रीची पायरी चढायची नाही, आणि गरज नसेल तर पहिल्या पोल्ट्रीचीही नाही, हा त्यांचा नियम होता. आपल्याच बुटांना चिकटून आजार इकडून तिकडे जाईल, ही धास्ती त्यांच्या मनात कायम असे. म्हणून त्या चहा घरून आणत आणि मालकाला बाहेर बोलावून पाजत. सुरुवातीला लोक म्हणत, बाई लई शिष्ट हाय. पुढे पुढे मॅडम येणार म्हटले की मालक स्वतःच खुर्च्या रस्त्याकडेला आणून ठेवू लागले.

त्या बसण्यात गप्पा कमी आणि तपासणी जास्त असे. मॅडम कधीही 'पक्षी मेले किती' असे विचारत नसत. मरतूक विचारली की माणूस सावध होतो, अंडी किती कमी झाली असे विचारले की तो पोटतिडकीने सांगतो, असा त्यांचा अनुभव होता. खाद्य किती उरते, पाणी किती लागते, कोंबड्यांचा आवाज रोजच्याइतका आहे का, हेही त्या विचारत. या साध्या प्रश्नांच्या उत्तरांतून त्यांना शेडमध्ये न जाता शेड दिसत असे.

बर्ड फ्लूवर पाळत ठेवणे हे विचित्र काम आहे. ते नीट झाले तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडले नाही म्हणून कोणी सत्कार करीत नाही. रंकाळ्यावर थंडीत उतरणारी परदेशी बदके, झाडाखाली मरून पडलेले कावळे, आठवडी बाजारात टोपलीतून येणाऱ्या गावठी कोंबड्या, या सगळ्यांवर मॅडमचे लक्ष असे. त्यांच्याबरोबर रस्त्याने चालणे कठीण होते. आपण बोलत असू आणि त्यांची नजर झाडांच्या बुंध्यांशी काहीतरी शोधत असे. एकदा एका लग्नाच्या मांडवात त्या जेवण सोडून उठल्या, कारण मागच्या शेतात कावळे नेहमीपेक्षा कमी होते. कावळे पलीकडच्या मांडवात गेले होते. तिकडे मटण होते.

त्यांचे कान जिल्हाभर होते. इचलकरंजीत चिकनचे दुकान चालवणारे इकबालभाई हे त्यांतले एक. यंत्रमागाच्या पाळ्या सुटल्या की त्यांच्या दुकानापुढे रांग लागे. एका सकाळी त्यांनी मॅडमना फोन केला आणि म्हणाले, "मॅडम, माल लई स्वस्तात यायलाय. मला भ्या वाटतंय." आजाराची कुणकुण लागली की काही मालक शेड घाईने रिकामी करतात, हे इकबालभाईंना ठाऊक होते. मॅडमनी तो माल कुठून आला ते शोधले, नमुने घेतले. तो मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा आजार निघाला, बर्ड फ्लू नव्हे. इकबालभाई उगाच घाबरवल्याबद्दल माफी मागू लागले, तर मॅडम त्यांना म्हणाल्या, "असंच घाबरत जावा. तुमी घाबरलासा म्हणून मी झोपते."

त्या स्वतः मात्र फार झोपत नसाव्यात. हे मी काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यावरून म्हणतो. मॅडमच्या आयुष्यातल्या त्या दिवसांविषयी लिहिण्यासाठीच मी खरे तर ही लेखणी उचलली आहे.

पन्हाळ्याच्या पायथ्याकडे एक गाव आहे. त्याचे नाव तेव्हा बातमीत वाचून शेजारच्या गावांनी तिथले दूधसुद्धा घेणे बंद केले होते, म्हणून आज ते पुन्हा लिहीत नाही. त्या गावात संभाजी नावाच्या तरुण शेतकऱ्याची पोल्ट्री होती. अंडी अचानक घटली, दोन दिवसांत कोंबड्यांचे तुरे निळे पडले, आणि संभाजीने लपवाछपवी न करता मॅडमना फोन केला. मॅडमनी त्याच दिवशी नमुने घेऊन बर्फाच्या पेटीतून भोपाळच्या प्रयोगशाळेत पाठवले. मग त्यांनी नेहमीप्रमाणे गावसभा घेतली. लोकांना अंधारात ठेवायचे नाही, हे त्यांचे तत्त्व होते. त्यांनी स्पष्ट सांगितले की अहवाल यायला काही दिवस लागतील. तो वाईट आला तर या शेडमधल्या आणि आसपासच्या सगळ्या घरांतल्या कोंबड्या माराव्या लागतील. तोवर कोंबड्या खुराड्यात बंद ठेवा, कोणाची मेली तर हात न लावता कळवा. लोकांनी ऐकून घेतले. कोणी वाद घातला नाही. मॅडमना त्या शांततेचे थोडे नवल वाटले होते, असे त्या नंतर म्हणाल्या.

अहवाल वाईट आला. पथक पांढरे पोशाख घालून गावात शिरले. संभाजीच्या शेडचे काम झाल्यावर घराघरांत गेले, तर खुराडी रिकामी. एका घरी म्हणाले, आमी कोंबड्या पाळतच न्हाय. खुराड्यात ताजी अंडी होती. दुसऱ्या घरी म्हणाले, मुंगसानं नेल्या. तिसऱ्या घरीही मुंगसानेच नेल्या होत्या. पथकातले एकजण म्हणाले, या गावचे मुंगूस एकदा बघायला पाहिजे.

गावाबाहेर टेकडावर देवीचे ठाणे आहे. तिथे नवसाचे कोंबडे जिवंत सोडण्याची जुनी चाल होती. सोडलेला कोंबडा देवीचा. त्याला कोणी मारत नाही, विकत नाही, हाकलतही नाही. तो देवळाच्या आवारात फिरतो, भाविकांनी टाकलेले दाणे खातो आणि म्हातारा होऊन मरतो. एरवी तिथे अशी दहा-वीस कोंबडी असत. मॅडम टेकडावर चढल्या, तर आवार कोंबड्यांनी भरून वाहत होते. गावसभा झाली त्याच संध्याकाळपासून घराघराने आपापल्या कोंबड्या आणून देवीला सोडल्या होत्या. देवीच्या कोंबड्याला सरकारही हात लावणार नाही, हा त्यामागचा हिशेब होता. आणि सरकार गेल्यावर आपली कोंबडी ओळखून परत नेता यावी म्हणून प्रत्येक घराने तिच्या पायाला खूण बांधली होती. कोणी साडीच्या काठाची चिंधी, कोणी लोकरीचा धागा, कोणी शाळेच्या रिबिनीचा तुकडा.

गावाने हे वाचवण्यासाठी केले होते. आणि एरवी घराघरांत वेगवेगळ्या राहिल्या असत्या, त्या कोंबड्या आजारासाठी एका जागी आणून ठेवल्या होत्या. भिंतीच्या कडेने काही मरून पडल्या होत्या. काही मान टाकून बसल्या होत्या.

मी कुंपणाबाहेर, ठरवून दिलेल्या रेषेपलीकडे बांधावर उभा होतो. बघता बघता गाव टेकडाखाली जमले. देवळाची सेवा आप्पा गुरव यांच्या घराण्याकडे. ते हात जोडून दारात उभे राहिले. गर्दीतून आवाज येऊ लागले की देवीच्या कोंबड्याला हात लावला तर बरे होणार नाही.

मॅडमनी तोंडावरचा मास्क न काढताच विचारले, "देवीची हायत व्हय सगळी? मग पायात चिंध्या कशाला? देवीला आपली कोंबडी वळखू येत न्हाईत?"

मग एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू येईल अशी, "तरी म्या सांगितलं हुतं, चिंधी नगं म्हणून."

काही जण हसले. ताण जरा सैल झाला, पण प्रश्न सुटला नाही. गावच्या जाणत्यांनी एक तोड काढली. देवीला कौल लावू या, म्हणाले. मूर्तीला फुले लावायची आणि उजवे फूल पडते की डावे ते बघायचे. उजवे पडले तर न्या, आमचे काही म्हणणे नाही. पथकातल्या एका अधिकाऱ्यांना ही सुटका वाटली. त्यांनी मॅडमना बाजूला घेऊन हळूच सुचवले, की गुरवांशी बोलून घेऊ, फूल कोणत्या बाजूला सैल लावायचे ते त्यांच्याच हातात असते.

मॅडमनी त्यांचे बोलणे पुरे होऊ दिले आणि मग मोठ्याने, सगळ्या गावाला ऐकू जाईल असे उत्तर दिले.

"कौल नको. डावं फूल पडलं तर मी काय करू? मला तरीबी माराव्याच लागणार. ज्याचं उत्तर मी मानणार न्हाई, त्ये मी देवीला इचारणार न्हाई."

मी बातमीदारीत बरीच वर्षे काढली. श्रद्धेची टर उडवणारे अधिकारी पाहिले, आणि श्रद्धेचा सोयीने वापर करून घेणारे त्याहून जास्त पाहिले. मॅडमनी त्या दिवशी दोन्ही केले नाही. त्यामुळे काम लगेच सोपे झाले असे मात्र नाही. गाव हटेना. ऊन चढू लागले. आवारात आणखी एक कोंबडी आडवी झाली.

तेवढ्यात देवळामागच्या गुरवांच्या घरातून खोकल्याचा आवाज आला.

मॅडमनी वळून विचारले, "कोण खोकतंय?"

"सून हाय," आप्पा म्हणाले. "थंडीचं."

"आवार कोण झाडतं, आप्पा?"

दारातूनच उत्तर आले. आप्पांची सून अश्विनी चौकटीला धरून उभी होती. डोळे तापाने लाल झाले होते आणि काखेत काही महिन्यांची तान्ही मुलगी होती. रोज आवार झाडणे, कोंबड्यांना पाणी ठेवणे हे तिचे काम. मेलेल्या कोंबड्याही तिनेच उचलून मागे पुरल्या होत्या, उघड्या हातांनी. ताप परवापासून होता. दवाखान्याची गाडी येईल, आपल्याला नेतील आणि मूल मागे राहील, या भीतीने तिने तो कोणाला सांगितला नव्हता.

इथून पुढे त्या टेकडावरचे सगळे बदलले. मॅडमनी पथकाला हातातले काम थांबवायला सांगितले. कोंबड्यांचं मागनं बघू, म्हणाल्या. त्यांनी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावला. रुग्णवाहिका येईपर्यंत त्या अश्विनीपासून चार हात अंतरावर उकिडव्या बसून राहिल्या. मॅडम जनावरांच्या डॉक्टर. माणसाच्या आजारावर बोलण्याचा त्यांना अधिकार नव्हता, आणि ती मर्यादा त्या कधी ओलांडत नसत. पण अश्विनी दुसऱ्या कोणाकडे बघतच नव्हती.

"मॅडम, मला झालंय व्हय त्ये?"

"मला ठावं न्हाई," मॅडम म्हणाल्या.

"आन् हिला?"

"त्येबी ठावं न्हाई. ठावं न्हाई म्हणूनच नेतोय, बाळ. ठावं असतं तर घरी ठेवून औषध दिलं असतं. पोरीला आजीकडं दे. हात धू आदी, तोंडाला बांध, मग दे."

धीर देण्यासाठी काही होणार नाही म्हणणे सोपे होते. मॅडम ते म्हणाल्या नाहीत. अश्विनीने हात धुतले, तोंडाला पदर बांधला, मुलीला सासूकडे दिले आणि मागे न बघता रुग्णवाहिकेत जाऊन बसली. मुलीचा आवाज खाली रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

गाडी वळणाआड गेल्यावर आप्पा गुरव देवळात गेले. त्यांनी गाभाऱ्याचा पडदा ओढला, दार लावून घेतले आणि बाहेर येऊन गर्दीसमोर उभे राहिले. आप्पा कमी बोलणारे. त्या दिवशीही कमीच बोलले.

"देवीची राखण माज्याकडं हाय. माजं आन् तिचं मी बघतो. मॅडम, न्या."

मागून कोणीतरी कुरकुरले. आप्पांनी तिकडे बघितले, आणि ती कुरकुर थांबली. जी म्हातारी चिंध्यांवरून बोलली होती, ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "न्या बाई. पोर परत आली म्हंजी झालं." देवळाला लागून असलेल्या गुरवांच्या शेतात खड्डा खणला गेला. तिथले काम संध्याकाळी संपले. आवारात चुना टाकला गेला. त्या पांढऱ्या आवारावर एकही पक्षी दिसत नव्हता, आणि ते दृश्य मला अजून नीट आठवते.

मग वाट पाहणे सुरू झाले. अश्विनीच्या घशातला नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत गेला होता. कोल्हापुरात तिला स्वतंत्र खोलीत ठेवून औषध सुरू केले होते. मॅडम आणि त्यांचे पथक यांनाही खबरदारीच्या गोळ्या देऊन घरी न जाण्यास सांगितले होते. मॅडम सरकारी विश्रामगृहात राहिल्या. त्यांच्या वृद्ध आई कोल्हापुरातच, हाकेच्या अंतरावर होत्या. पण मॅडमनी आईला खिडकीतूनही भेटायला येऊ दिले नाही.

त्या दिवसांत रोज संध्याकाळी, पान छपाईला सोडण्याच्या आधी, मी त्यांना फोन करीत असे. रोज उत्तर एकच, "अजून नाही." मी काय छापायचे ते विचारत असे. त्या म्हणत, जे खरे आहे ते छापा. एका व्यक्तीला ताप आहे, तपासणी सुरू आहे, अहवाल आलेला नाही. त्यांनी माझ्याकडून कधी काही लपवून ठेवण्याची अपेक्षा केली नाही. मागितले ते एवढेच, की अश्विनीचे नाव नको. बरी होऊन आली तरी गावाने तिला तापाच्या नावाने ओळखायला नको. (आज तिचे नाव लिहीत आहे ते तिला विचारून. तिने हो म्हणताना, आता काय हुतंय त्याला, असे म्हटले.)

एका दिवशी तर त्यांचा फोन दुपारीच आला. मुलीचे अंग गरम लागते आहे, असा निरोप गावातून आला होता. मॅडमचा आवाज नेहमीसारखाच होता, पण वाक्ये अर्धवट राहत होती. आरोग्य सेविका टेकडावर पोहोचेपर्यंत आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही. सेविकेने पाहिले तर आजीने नातीला शाल, त्यावर गोधडी, त्यावर आप्पांचे घोंगडे असे गुंडाळून चुलीजवळ ठेवले होते. सगळे काढल्यावर अंग थंड झाले. मॅडम हसल्या नाहीत. आजीला रागवू नका म्हणावं, एवढे म्हणाल्या.

एका संध्याकाळी पलीकडून "अजून नाही" आले नाही. मॅडम म्हणाल्या, "साधा फ्लू आहे. थंडीतला. बर्ड फ्लू नाही." मी अभिनंदन वगैरे म्हणू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवले. त्यांना दुसरेच काहीतरी सलत होते. इतक्या दिवसांत मुलगी वरच्या दुधाला लागली होती आणि अश्विनीचे दूध आटले होते. "अहवाल चांगला आला म्हणून काहीच झालं नाही असं लिहू नका," त्या म्हणाल्या. "तिच्या पोरीचं दूध गेलं."

पुढे जिल्ह्याच्या आढावा बैठकीत देवळातल्या कोंबड्यांचा विषय निघाला. गावकऱ्यांच्या अज्ञानावर बोलणे सुरू झाले. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, गावसभा मी घेतली होती. मारावं लागेल हे आधी मी सांगितलं, आणि लोक काय वाचवतील, कुठं वाचवतील, याचा विचार मी केला नाही. मी तळी बघितली, शेडं बघितली, टेकडावर चढले नाही. त्या बैठकीला आलेल्या अनेकांनी मला नंतर सांगितले, की पुढचा अर्धा तास कोणीच दुसऱ्यावर बोट दाखवले नाही.

यावर आधी सांगायचे नाही, थेट पथकच न्यायचे, असा धडा कोणीही घेतला असता. मॅडमनी तो घेतला नाही. त्यानंतरही प्रत्येक गावात त्यांनी आधीच सांगितले. फरक इतकाच, की गावसभा संपली की त्या गावच्या देवळांना, दर्ग्यांना, पिरांना आणि माळावरच्या म्हसोबाला जाऊन येत. एका गावी कोणी कौतुकाने म्हणाले, मॅडम लई देवभोळ्या हायत. त्यांनी ते खोडून काढले नाही.

संभाजीला गावाने बराच काळ बोल लावले. त्याने फोन केला नसता तर हे झाले नसते, असे लोक म्हणत. त्या काळात मॅडम सुट्टीच्या दिवशी त्याच्या रिकाम्या शेडसमोर, सगळ्या गावाला दिसेल अशा जागी त्याच्याबरोबर बसून येत. विशेष काही बोलत नसत. परवानगी मिळून पुन्हा पिल्ले आली, त्या दिवशीही त्या गेल्या होत्या. फाटकाच्या बाहेरूनच पाहिली.

मॅडम निवृत्त झाल्या, त्याला आता थोडा काळ लोटला. यंदाचाही हिवाळा सुरू झाला आहे. रंकाळ्यावर बदके उतरली आहेत आणि दूरच्या बातम्या पुन्हा येऊ लागल्या आहेत. हा आजार पक्ष्यांपुरता थांबेल की नाही, याची खात्री जगात कोणी देत नाही. खात्यात आज चांगली, शिकलेली तरुण मुले-मुली आहेत. तरी गावांतून पहिला फोन अजून मॅडमनाच जातो, आणि त्या तो घेतात. तो आला की त्यांच्या चेहऱ्यावर जे येते, ते आम्ही सारे ओळखतो. ती भीतीच आहे. या माणसाने आयुष्यभर आपल्या वाटणीची भीती स्वतःकडे ठेवून घेतली, असे मला कधी कधी वाटते.

या लेखाच्या निमित्ताने मी त्या टेकडावर जाऊन आलो. अश्विनीची मुलगी आता शाळेत जाते. देवीला जिवंत कोंबडे सोडण्याची चाल गावाने आपणहून बंद केली आहे. मॅडमचा सत्कार आहे असे सांगितल्यावर अश्विनी म्हणाली, त्यांना लई आयुष्य मिळू दे म्हणून देवीला नवस बोलणार होते, पण आता कोंबडा तर सोडता येत न्हाई. काय बोलू ते त्यांनाच इचारून सांगा.

मी मॅडमना फोन करून विचारले. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

"नवस नको म्हणावं तिला. पुन्हा कधी ताप आला, तर त्याच दिवशी सांग म्हणावं."

मी निरोप पोहोचवला. अश्विनीने तो ऐकून घेतला, आणि मग मला म्हणाली, "आन् त्यांचं कोण बगतंय? त्यास्नी कधी बरं वाटत न्हाई, त्ये त्या तरी सांगतात व्हय कुणाला?"

मी मॅडमच्या निकटच्या मंडळींना विचारून पाहिले. त्यांच्यापैकी कोणालाही त्यांनी कधी सांगितलेले नाही. म्हणून या ग्रंथाच्या सगळ्या वाचकांच्या वतीने मी तोच निरोप मॅडमना उलट पाठवतो. आपण शंभर वर्षे आमच्यात असावे. आपली प्रकृती उत्तम राहावी. आणि कधी कणकण वाटली, मन घाबरले, झोप लागली नाही, तर ते आपणही आम्हाला त्याच दिवशी सांगावे.